बर्नेजचं मैदान : धोरण असलेल्या शाळेत काय चुकलं

१७ सप्टेंबर १९८६, बुधवार. मँचेस्टरच्या दक्षिण भागातल्या बर्नेज हायस्कूल या मुलांच्या शाळेच्या मैदानात अहमद इक्बाल उल्ला या तेरा वर्षांच्या मुलाला त्याच शाळेतल्या, त्याच वयाच्या एका गोऱ्या मुलाने सुरीने भोसकलं. अहमद वाचला नाही. भोसकणारा मुलगा 'पाकी मारला' असं ओरडत गेला. अहमदचं कुटुंब खरं तर बांगलादेशचं. पण ब्रिटनमध्ये 'पाकी' म्हणणारा समोरच्याचा देश विचारत बसत नाही. बंगाली, पंजाबी, गुजराती, मराठी, सगळ्या सावळ्या पोरांना ही शिवी एकाच मापाने मिळत आली आहे.

दोघांत आधी खटका उडालेला होता. तो मुलगा आशियाई मुलांना त्रास द्यायचा आणि अहमद त्यांची बाजू घेऊन मध्ये पडला होता. (ब्रिटनमध्ये 'आशियाई' म्हणजे भारतीय उपखंडातले.) सुरुवात इतकी साधी होती. कुठल्याही शाळेच्या मधल्या सुट्टीत घडावी तशी.

हे प्रकरण इतक्या वर्षांनंतरही उघडून बघावंसं वाटतं ते एका विसंगतीमुळे. बर्नेजला वंशद्वेषाविरुद्ध धोरण होतं. मँचेस्टरच्या शिक्षण खात्याचंही होतं. त्या काळात ब्रिटनमधल्या अनेक शाळा 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणून हात झटकत होत्या, तेव्हा या शाळेने विषय निदान कागदावर तरी घेतला होता. तरीही मैदानात काय शिजतंय ते कागदाला कळलं नाही, आणि खून झाल्यावर शाळेने जे केलं त्याने मुलांमधली भेग आणखी रुंद झाली.

खुनानंतरची शाळा

अहमदच्या अंत्यविधीला गोऱ्या मुलांना जाऊ दिलं गेलं नाही. निर्णय घेणाऱ्यांच्या डोक्यात शांततेचाच विचार असावा. पण वर्गात शेजारी बसणारा मुलगा गेला आणि 'तू गोरा आहेस म्हणून तू यायचं नाहीस' असं ऐकावं लागलं, तर त्या पोराने त्यातून काय घ्यायचं? ज्याने सुरी चालवली तो एक होता. शाळेने त्याच्या रंगाच्या सगळ्यांना त्याच्या रांगेत उभं केलं. दुःख करण्याचा हक्कही वंशाप्रमाणे वाटला गेला. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही गटांत उघड चकमकी झाल्या, त्याचं आश्चर्य वाटत नाही.

मारेकरी मुलावर खुनाचा गुन्हा सिद्ध झाला. मँचेस्टर सिटी कौन्सिलने शहरातल्या शाळांमधला वंशद्वेष आणि हिंसा तपासायला चौकशी समिती नेमली. अध्यक्ष बॅरिस्टर इयन मॅकडॉनल्ड, सोबत गस जॉन, रीना भवनानी आणि लिली खान. समितीचा अहवाल तयार झाला तेव्हा बदनामीच्या दाव्यांची भीती पुढे करून कौन्सिलने तो संपूर्ण छापायचं नाकारलं. अखेर समितीच्या सदस्यांनीच तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. दरम्यान वृत्तपत्रांना जेवढं हाती लागलं त्यातून त्यांनी सोयीचा अर्थ काढला: बघा, वंशद्वेषविरोधी शिक्षणामुळेच हे घडलं. समितीचं म्हणणं याच्या जवळजवळ उलटं होतं. वंशद्वेषाशी लढणं हे शाळेचं इतकं महत्त्वाचं काम आहे, म्हणूनच ते प्रतीकात्मक आणि उपदेशी पद्धतीने उरकता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता.

भांडण की वंशद्वेष?

समितीपुढचा पहिला प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर कधी ना कधी येतो. दोन पोरांचं आपसातलं वैर होतं. त्याला वंशद्वेषाचा रंग कशाला द्यायचा? समितीने उत्तर दिलं की हा खून वंशद्वेषी होता. वैयक्तिक वैर होतं हे खरं, पण त्याने दुसरी गोष्ट खोटी ठरत नाही. भांडण कशावरूनही सुरू होवो, चेंडूवरून, रांगेवरून, चिडवण्यावरून. ते तापलं की हाताशी कोणता शब्द येतो, आणि तो शब्द उच्चारल्यावर आजूबाजूची किती पोरं हसतात, यावरून त्या शाळेची हवा कळते.

प्रत्यक्षात शाळा बहुतेक वेळा उलट करतात. भांडणाचं कारण शोधतात, कारण सापडलं की शिवी विसरतात. नोंदवहीत 'मुलांमधील वाद, समज दिली' एवढी ओळ उरते. त्याच मुलाची वर्षभरातली अशी सहा प्रकरणं सहा शिक्षकांकडे सहा वेगवेगळे 'वाद' म्हणून पडून राहतात, आणि ती एका ओळीत मांडून बघणारं कुणी नसतं.

समितीचं दुसरं निरीक्षण जास्त बोचरं होतं. शाळेच्या धोरणामागे एक ठोकळेबाज समजूत होती: गोरे म्हणजे सत्ता असलेले, काळे-सावळे म्हणजे सोसणारे. पण त्या शाळेतल्या बऱ्याच गोऱ्या पोरांचे बाप कामगार वस्तीतले, त्यांच्या वाट्याला कसली सत्ता? धोरण ठरवताना या पालकांना आणि मुलांना कुणी विचारलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच की शाळा आपल्याला आरोपी समजते. परिणामी ज्या घरांमध्ये बोलणं सगळ्यात गरजेचं होतं ती घरंच चर्चेबाहेर राहिली. त्यातच मुलग्यांच्या त्या शाळेत दांडगाईची, मर्दानगी दाखवण्याची सवय मुरलेली होती, आणि वंशद्वेषाबद्दलचं कुठलंही पत्रक त्या सवयीला हात लावत नव्हतं.

मध्ये पडणारा मुलगा

आता या प्रकरणाचा सगळ्यात उपयोगी भाग. शाळेला खरी संधी सुरीच्या आधी असते, पहिल्या खटक्याच्या दिवशी. एक मोठा मुलगा लहानाला वंशावरून शिवी देतो, ढकलतो. तिसरा मध्ये पडतो. शिक्षक पोचतात तेव्हा त्यांना दिसतात फक्त गुंतलेले दोघे: शिवी देणारा आणि मध्ये पडलेला. ज्याला शिवी मिळाली तो पोरगा एव्हाना गर्दीत विरून गेलेला असतो.

इथे बहुतेक शाळा 'दोघांचंही चुकलं' म्हणून दोघांना सारखी शिक्षा करतात. शिक्षकाला हे न्याय्य वाटतं आणि वेळही वाचतो. पण यातून तीन गोष्टी एकदम घडतात. शिवी खाल्लेल्याला कळतं की तक्रार करून उपयोग नाही. मध्ये पडलेल्याला कळतं की पुढच्या वेळी आपलं आपणच बघून घ्यायचं. आणि शिवी देणाऱ्याला एक हिशेब चुकता करायचा राहतो, तोही चारचौघांत मान गेल्याचा. या शिवी देणाऱ्या मुलाकडे त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस लक्ष ठेवायला हवं. धोका तिथे असतो.

म्हणून पहिल्या दिवसाचं काम थोडं सविस्तर.

शिवी ऐकणाऱ्या मोठ्या माणसाने, मग तो शिक्षक असो, शिपाई असो की बसमधल्या मावशी, तिथल्या तिथे एक वाक्य बोलायचं. 'हा शब्द या शाळेत कुणालाही वापरायचा नाही. तू माझ्याबरोबर ये.' बस. मैदानात भाषण नाही, 'तुला कुणी असं म्हटलं तर कसं वाटेल' नाही. पन्नास पोरांसमोर माफी मागायला लावणं तर अजिबात नाही. तिथे माफी मागणारा मुलगा घरी जाताना त्याची वसुली करतो. मोठ्या माणसाने मात्र गप्प राहू नये. ऐकून न ऐकल्यासारखं केलं की बघणाऱ्या मुलांच्या लेखी ती परवानगीच असते.

मग तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, एकमेकांशी बोलायच्या आत, जबाब घ्यायचे. सुरुवात शिवी खाल्लेल्यापासून. प्रश्न मोकळे ठेवायचे: काय झालं, आधी काय झालं होतं, तिथे कोण कोण होतं, असं पूर्वी कधी झालंय का. 'त्याने तुला जातीवरून बोललं का?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न पहिल्या फेरीत नको. मूल जे शब्द सांगेल ते जसेच्या तसे लिहायचे. इथे शिक्षकांचा सभ्यपणा आडवा येतो. 'अपशब्द वापरले' असं लिहिलं की पुरावा संपला. शिवी घाण वाटली तरी कागदावर ती शिवीच हवी.

नोंदीचा कागद एका पानाचा पुरतो: तारीख, वेळ, नेमकी जागा, नेमके शब्द, कोणी, कोणाला, कोणी ऐकलं, मोठ्या माणसाने काय केलं, कोणत्या पालकांना कोणी आणि कधी कळवलं, आणि पुन्हा बघायची तारीख. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी छापलेलाच नसतो. या नोंदी वर्गशिक्षकाच्या कपाटात पडून राहू नयेत. एका ठरलेल्या व्यक्तीकडे जमाव्यात आणि तिने महिन्यातून एकदा त्या मुलाप्रमाणे आणि जागेप्रमाणे लावून बघाव्यात. जागेचा रकाना गंमतीशीर बोलतो. मोठ्या माणसांची वर्दळ नसते तिथेच हे प्रकार साचतात: स्वच्छतागृहाचा बोळ, सायकल स्टँड, मागचं फाटक, बसमधल्या शेवटच्या सीट. मुलांना शाळेचा कोरा नकाशा देऊन नाव न लिहिता 'इथे जायला नको वाटतं' त्या जागेवर खूण करायला सांगितलं, तर एका तासात जे कळतं ते वर्षभराच्या तक्रारपेटीत येत नाही. बर्नेजसारख्या, दोन जागी विभागलेल्या शाळेत तर येण्याजाण्याच्या वाटाही त्या नकाशात हव्यात.

पालकांना कळवायचं त्याच दिवशी. आधी शिवी खाल्लेल्याच्या घरी, फोनवर, शाळा सुटायच्या आत. मुलाने घरी जाऊन सांगितलं आणि शाळेचा फोन दुसऱ्या दिवशी आला, तर पुढचं सगळं संभाषण संशयातच सुरू होतं. शिवी देणाऱ्याच्या पालकांना बोलवायचं, पण एकट्या शिक्षकाने नाही, दोघांनी बसायचं. अर्धा तास पुरतो. नोंदीतले शब्द वाचून दाखवायचे आणि थांबायचं. 'तुमच्या घरात असं बोलतात का?' हा प्रश्न मनात कितीही आला तरी गिळायचा, तो विचारला की बैठक संपलीच. 'हा शब्द तो कुठे शिकला ते आम्ही शोधत नाही, पण तो इथे बंद व्हायला तुमची मदत लागेल' असं म्हटलं की दार निदान किलकिलं राहतं. बर्नेजच्या शाळेने ज्या पालकांना बाहेर ठेवलं, ते याच खुर्चीवर बसायला हवे होते, आणि भांडण होण्याआधीच, धोरणाचा मसुदा लिहिला जात असताना.

मध्ये पडलेल्या मुलाला आधी स्पष्ट सांगायचं की त्याने बाजू घेतली ते बरोबर केलं. मारामारी केली असेल तर त्याबद्दल वेगळं, नंतर बोलायचं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात 'पण' लावून सांगितल्या तर मुलाला फक्त 'पण'च्या पुढचं ऐकू येतं.

समेटाच्या बैठकीची घाई नको. त्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं हे शाळांचं आवडतं नाटक आहे. फोटो छान येतो. ज्याला शिवी मिळाली त्याने 'हो' म्हटल्याशिवाय अशी बैठक घेऊ नये, आणि 'नाही' म्हणायची त्याला खरोखर मुभा असावी. वर्ग किंवा बाक बदलायची वेळ आली तर शिवी देणाऱ्याचा बदलायचा. सोय म्हणून सोसणाऱ्यालाच हलवलं जातं, कारण तो तक्रार करत नाही.

उरले बघे. त्यांना सहा-आठच्या गटात बसवून 'तिथे असताना काय करता आलं असतं' हे त्यांच्याकडूनच काढायचं: मोठ्या माणसाला बोलवायला धावणं, शिवी खाल्लेल्याला 'चल' म्हणून बाजूला नेणं, न हसणं. सगळ्यांकडून अहमदसारख्या हिमतीची अपेक्षा नको. न हसणंही पुष्कळ असतं.

या टप्प्यावर उत्साही शिक्षकांना जेन एलियटचा प्रयोग आठवतो. अमेरिकेत आयोवातल्या राइसव्हिल गावात एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात निळ्या आणि तपकिरी डोळ्यांच्या मुलांमध्ये मुद्दाम भेद केला आणि भेदभाव म्हणजे काय ते अनुभवायला लावलं. प्रयोग गाजला. पण ज्या वर्गात खरा वाद नुकताच पेटला आहे तिथे त्याची नक्कल करू नये. खेळाच्या नावाखाली मुलांना एकमेकांना हिणवायला लावायचं आणि तास संपला की घंटा वाजवून मोकळं व्हायचं, हे सांभाळायला प्रशिक्षण लागतं आणि पालकांची संमतीही.

पुढे ब्रिटनमध्ये काय बदललं

२२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्याच्या तपासाची चौकशी करणारा मॅकफर्सन अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये आला. विषय पोलिसांचा होता, तरी ७० शिफारशींपैकी काही थेट शाळांसाठी होत्या: प्रत्येक वंशद्वेषी घटनेची नोंद करा, ती पालकांना, शाळेच्या नियामक मंडळाला आणि स्थानिक शिक्षण प्राधिकरणाला कळवा, शाळानिहाय आकडे दरवर्षी जाहीर करा. घटना वंशद्वेषी आहे असं बळी पडलेल्याला किंवा अन्य कुणालाही वाटलं, तर ती तशी घटना मानायची, ही व्याख्याही याच अहवालाची. तिच्यावर बरीच टीका झाली, आणि निम्मी टीका गैरसमजातून. त्या वाटण्याने गुन्हा सिद्ध होत नाही. त्याने एवढंच ठरतं की घटना वंशद्वेषी म्हणून नोंदवायची आणि तपासायची. तपासानंतर दुसरं काही निघालं तर तेही लिहायचं. बर्नेजमध्ये नेमकी हीच पायरी नव्हती: संशयालाही रकाना.

२००० च्या वंशसंबंध दुरुस्ती कायद्याने शाळांवर समानतेचं धोरण लिहिण्याची सक्ती आली, पुढे २०१० चा समानता कायदा आला. घटनांचे आकडे वर कळवण्याची सक्ती मात्र इंग्लंडमध्ये टिकली नाही. आकड्यांचं एक दुखणं आहेच. ज्या शाळेत नोंदी जास्त ती शाळा वाईट, असं पालक समजतात, म्हणून शाळा नोंदच करत नाहीत. खरं तर नोंद सुरू केल्यावर पहिल्या सत्रात आकडा वाढणं अपेक्षित असतं. शेकडो मुलांच्या शाळेत वर्षाचा आकडा शून्य आला तर मुख्याध्यापकांनी पेढे वाटू नयेत.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या शाळेत 'पाकी' नाही, पण 'चिंकी' आहे, आणि आडनाव ऐकून बदलणारा सूर तर घरचाच. पुण्या-मुंबईच्या शाळेत मणिपूर-नागालँडची मुलं असतील तर त्यांना डोळ्यांवरून काय ऐकावं लागतं ते शिक्षकांना माहीत असतं. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्याची सुरुवातही दिसण्यावरून केलेल्या टिंगलीतून. त्यानंतर केंद्राने ईशान्येतल्या लोकांच्या तक्रारी बघायला बेझबरुआ समिती नेमली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि दुर्बल व वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी कलम ८ व ९ सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला जातीवरून अपमानित केलं असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही डोक्यात ठेवावा लागतो. शिवी देणारं अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय कायद्याच्या वाटेने जातं, आणि शाळेने परस्पर 'मिटवून टाकलं' हे उत्तर तिथे पुरत नाही.

पण कायद्याच्या आधी वर्गातल्या सवयी येतात. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की 'एस्सी-एसटीवाले उभे राहा' असं वर्गात पुकारलं जातं. २५ टक्के कोट्यातून आलेल्या मुलांना त्याच नावाने हाक मारली जाते. फरक कुणात करायचा ते पोरं इथे शिकतात, शिवी नंतर येते. अर्ज बंद पाकिटात घरी पाठवणं, यादी फळ्यावर न लावणं, याला खर्च शून्य आहे.

आणि बर्नेजची दुसरी चूकही इथे होऊ शकते. जातीवरून एका मुलाने शिवी दिली की 'तुम्ही लोक असेच' म्हणत त्याच्या जातीच्या सगळ्या मुलांना समोर उभं करणारे शिक्षक भेटतात, हेतू चांगला असणारे. त्या क्षणी वर्ग दोन छावण्यांत वाटला जातो, आणि त्यातला जो मुलगा उद्या मध्ये पडला असता तो आपल्या छावणीत गप्प बसतो.

पुन्हा बघायची तारीख साधारण दोन आठवड्यांनी आणि मग सहा आठवड्यांनी ठेवावी. शिवी खाल्लेल्या मुलाला विचारायचे प्रश्न दोनच: अजून होतंय का, आणि मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'वर्गातच' किंवा 'लायब्ररीत' असं आलं, आणि हा मुलगा आधी मैदानात खेळणारा असेल, तर पहिल्या प्रश्नाचं 'नाही' खरं धरू नये.